मास्तरांची चकती

गल्लीतले लोक मास्तरांवर एक विनोद करत, आणि तो थेट त्यांच्या तोंडावर करत, कारण मास्तरांना तो ऐकूच येत नसे. म्हणत, पंचेचाळीस वर्षं जगाच्या गाड्यांचे आवाज बंद करता करता मास्तरांनी शेवटी स्वतःचेच कान बंद करून घेतले. मास्तरही हसत. लोक हसले की आपणही हसायचं, एवढा शहाणपणा बहिऱ्या माणसाला लवकर येतो.

मास्तर सायलेन्सर बनवत. सायलेन्सर आणि धुराच्या नळ्या, दुसरं काही नाही. कुणी म्हणालं, मास्तर, जरा ब्रेकही बघा, तर ते दाराकडे बोट दाखवत. दुकान म्हणजे एक शटर, गाडीखाली उतरायला एक खड्डा, कोपऱ्यात उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या नळ्या, नळी वाकवायचं लांब दांड्याचं जुनं यंत्र, आणि मध्ये एक पत्र्याची भिंत. मास्तरांचे कान गेल्यापासून दहा वर्षं हीच भिंत घराची बोलायची पाटी झाली होती. त्यांना जे सांगायचं ते खडूने तिच्यावर लिहायचं. मास्तर वाचत आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात उत्तर देत. मास्तरांची बायको म्हणायची, आमच्याकडे बरं आहे, झालेलं भांडण फडक्याने पुसता येतं.

आता ती चकती. मास्तरांच्या हातची नळी ओळखायची खूण म्हणजे ती चकती. नळी स्कूटरची असो नाहीतर मोटारीची, तिच्या शेवटच्या टोकात, बोटभर आत, एक लोखंडी चकती डाकलेली असायची. मधोमध भोक. गाडी लहान तर भोक लहान, गाडी मोठी तर भोक मोठं. काम झालं की मास्तर दाराजवळच्या उंच स्टुलावरून उतरत, नळीत बोट घालत, चकतीभोवती एकदा फिरवत, आणि मगच गाडीच्या मागच्या पट्टीवर खडूने बरोबरची खूण करत. त्या खुणेशिवाय या दुकानातून गाडी कधी बाहेर गेलेली नाही. अगदी स्वतःच्या मेहुण्याचीही नाही, आणि मेहुण्याला तर लग्नाला जायचं होतं.

या चकतीचा उगम मोठा मजेचा आहे. मास्तर तरुण असताना एक पेपर टाकणारा आपली मोटारसायकल घेऊन आला. कुणीतरी तिला हौसेने जाड नळी बसवली होती. आवाज असा की मेलेला उठून बसावा, पण गाडीत दम नाही. मास्तरांनी ती नळी काढली, बारीक बसवली, आणि आवाज कमी व्हावा म्हणून टोकाला एक चकतीही मारली. गाडी बाणासारखी सुटली. तेव्हा तिथे उभा असलेला एक फोरमन मोठ्या ऐटीत म्हणाला, याला बॅक प्रेशर म्हणतात. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं. बॅक म्हणजे काय, त्यांनी विचारलं. पाठ, तो म्हणाला. झालं. मास्तरांनी मनाशी गाठ बांधली: इंजिन बिचारं धूर ढकलून ढकलून दमतं, त्याच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवायला हवा. तो हात म्हणजे आपली चकती. पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला ते हेच सांगत. माणूस काय, इंजिन काय, पाठीवर हात असला की चढ चढतं.

हे सगळं ज्यांनी शंभर वेळा ऐकलं होतं त्यांत पहिला नंबर त्यांच्या मुलीचा. गल्ली तिला नळीताई म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी ती दुकानात आली, आता बेचाळिशीत होती. हातावर भाजल्याचे डाग, जिभेवर धार. तिच्याइतकी सरळ वेल्डिंगची रेघ चार गल्ल्यांत कुणाची येत नव्हती, आणि हे तिला माहीत होतं. खोटा विनय तिला जमायचा नाही. कुणी म्हणालं, बाईमाणूस असून काय सुरेख काम करता, तर ती म्हणायची, तुम्ही पुरुषमाणूस असून का करत नाही?

आठ वर्षांपूर्वी तिने संध्याकाळच्या तंत्रवर्गात नाव घातलं. दुसऱ्याच आठवड्यात तिथल्या शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं की बॅक प्रेशर म्हणजे उलटा दाब. पुढे जाणाऱ्या धुराला मागे ढकलणारा. तो जितका कमी तितका बरा. इंजिनाला त्याची कणभरही गरज नाही. नळीताई बाकावर बसल्या बसल्या गार पडली. पाठबीठ काही नव्हतीच. एका शब्दाचा अर्थ चुकला होता, आणि त्या चुकीवर बापाने आयुष्यभराचं शास्त्र उभं केलं होतं. त्या दिवशी ती तडक दुकानात आली, हातात खडू घेतला, पत्र्यासमोर उभी राहिली आणि लिहिलं, "चहा ठेवू?"

तिथून पुढे आठ वर्षं चहाच चालला होता. तसं चकतीने कुणाचं घर बुडत नव्हतं. सपाट रस्त्यावर, हळू चालणाऱ्या गाड्यांना फरक कळत नसे, आवाज मात्र कमी व्हायचा. तरी नळीताईचं मन खायचं. म्हणून एक वर्ष तिने चकतीचं भोक गुपचूप अर्धं सूत, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं, मोठं केलं. पुढच्या वर्षी आणखी अर्धं. मास्तरांनी बोट घातलं, फिरवलं, काढून उजेडात धरलं आणि म्हणाले, म्हातारपणी बोटंही बारीक होतात वाटतं. नळीताईला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून तिने भोक पूर्वीएवढं केलं, आणि बापाच्या बोटाला फसवायचं नाही असा कानाला खडा लावला.

आणि मग आली इस्पितळाची गाडी.

गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर इस्पितळ. तिथल्या चादरी, अंगरखे, पडदे खाली धुलाईखान्यात यायचे आणि धुऊन वर जायचे. धुतलेलं कापड पूर्ण वाळायला वेळ कुणाला, ते ओलसरच चढायचं, म्हणजे गाडीवर दगड भरल्यासारखं ओझं. अशा अकरा गाड्या होत्या, आणि त्यांच्यावर एक मुख्य ड्रायव्हर होता. त्याला सगळे ब्रेकमामा म्हणत, कारण तो समोर मांजर दिसलं तरी ब्रेक दाबायचा आणि मांजर नसलं तरी दाबायचा. अकराही गाड्यांच्या नळ्या गंजल्या होत्या. ब्रेकमामाने एक गाडी मास्तरांकडे दिली आणि एक चौकातल्या नव्या गॅरेजवाल्याकडे.

या गॅरेजवाल्याला गल्लीने नाव ठेवलं होतं अडीचइंची. कुठलीही गाडी आणा, तो तिला अडीच इंची नळी बसवायचा. त्याचं म्हणणं सोपं होतं: मोठी नळी, मोकळा श्वास, जास्त ताकद. बोलायला बरा होता बिचारा, फक्त ऐकायचा कुणाचं नाही. त्याच्याकडे काचेचा दरवाजा होता आणि भिंतीवर शर्यतीच्या गाड्यांची चित्रं होती.

आठवड्याने ब्रेकमामा दोन्ही गाड्या घेऊन वैतागलेला आला. टेकडीच्या मधल्या वळणावर दोन्ही गाड्या धापा टाकत होत्या. तिसऱ्या गिअरमध्ये चढतच नव्हत्या, दुसरा टाकावा लागत होता, आणि पहाटेपासून दहा खेपा म्हणजे दहा वेळा तोच जाच. वर अडीचइंचीची गाडी इस्पितळाच्या खिडक्यांखालून अशी गरजत जायची की मुख्य परिचारिकेने ब्रेकमामाला बोलावून झाडलं होतं. ब्रेकमामाने दोघांनाही शेवटची संधी दिली. मंगळवारी सकाळी सारखं ओझं भरून दोन्ही गाड्या वर न्यायच्या. जी वळण तिसऱ्यात काढेल तिच्या दुकानाला बाकीच्या नऊ. नऊ गाड्या म्हणजे दुकानाला महिनाभर मान वर करायला फुरसत नाही, आणि त्या गेल्या तर गल्लीत चर्चा एकच, मास्तरांचे दिवस संपले.

अडीचइंचीची गाडी का रडत होती ते नळीताईला तोंडपाठ होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार. इंजिन धूर एकसारखा सोडत नाही, एकेक फुंकर सोडतं. नळी बेताची असली की फुंकर वेगाने निघून जाते आणि आपल्यामागे जागा रिकामी करते, त्या रिकाम्या जागेत पुढची फुंकर ओढली जाते. शाळा सुटल्यावर पोरं बोळातून कशी एकामागोमाग धावत सुटतात, तसं. बोळाच्या जागी मैदान दिलं की तीच पोरं रेंगाळतात. अडीच इंची नळी म्हणजे मैदान. धूर पसरतो, थंडावतो, मागच्याला ओढत नाही. वर्गात शिक्षकांनी हेच सांगितलं होतं, आणि गंमत म्हणजे मास्तरांच्या हाताला ते वर्गाशिवाय कळत होतं. कुठल्या इंजिनाला किती जाडीची नळी, हे ते इंजिनाकडे नुसतं बघून सांगत आणि कधी चुकत नसत. या गाडीला त्यांनी पावणेदोन इंची निवडली होती. नळीताईने हिशोब करून पाहिला, तोही पावणेदोनच आला.

म्हणजे बोळ अगदी बरोबर होता. फक्त त्याच्या तोंडाशी मास्तरांनी चकतीचं दार अर्धं लावून ठेवलं होतं.

आईला तिने स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. आई व्यवहारी. तिने सुचवलं, मास्तरांना खूण करू दे, आणि टेकडीच्या पायथ्याशी गाडी थांबवून चकती कापून टाक, सुंठीवाचून खोकला गेला. नळीताईला मोह झाला नाही असं नाही. पण मग ती म्हणाली की आई, अगं गाडी जिंकली तर बाबा सगळ्या गल्लीला सांगणार, बघा माझी चकती. आणि उरलेल्या नऊ गाड्यांत मला ती परत डाकावी लागणार. आई म्हणाली, मग सांग जाऊन. तिच्या आवाजात चिडण्यापेक्षा काळजी जास्त होती.

सांगायचं कसं? नळीताईला चकतीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती. कान गेलेल्या माणसाकडे त्याचं बोट उरलं होतं आणि ती खूण उरली होती. तीही काढून घेतली तर सकाळी उठून त्याने दुकानात यायचं कशाला? ती तीनदा पत्र्यासमोर उभी राहिली. "बाबा, तुमचं" एवढं लिहिलं आणि पुसलं. शेवटी तिने खडू ठेवला आणि पाना उचलला.

रविवारी दुकान बंद असताना तिने पारदर्शक नळीचा एक लांब तुकडा घेतला, इंग्रजी यू सारखा वाकवून भिंतीला ठोकला, त्यात निळी शाई घातलेलं पाणी भरलं. नळीचं एक टोक उघडं ठेवलं. दुसऱ्या टोकाला तांब्याची बारीक नळी जोडली, कारण गरम धुराने प्लास्टिक वितळलं असतं, आणि ती गाडीच्या धुराच्या नळीत भोक पाडून घट्ट बसवली. आत धूर जितका तुंबेल, तितकं पाणी उघड्या बाजूने वर चढणार होतं. मग मास्तरांना स्टुलावर बसवलं. ते कुतूहलाने बघत होते. नवीन काहीतरी करताना मुलीला ते कधी अडवत नसत, हे त्यांचं मोठेपण.

तिने गाडी सुरू केली आणि पायाने वेग वाढवला. निळं पाणी भिंतीवर सरसर चढलं, मास्तरांच्या डोक्याच्या वर गेलं आणि माळ्याच्या फळीपाशी थरथरत उभं राहिलं. मास्तरांची मान पाण्याबरोबर वर गेली. तिने गाडी बंद केली, खाली उतरली, ग्राइंडर चालवला आणि चकती कापून काढली. गरम चकती टण् करून फरशीवर पडली. तो आवाज फक्त तिला आला. पुन्हा गाडी, पुन्हा तेवढाच वेग. पाणी मास्तरांच्या गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

मास्तर उठले. पाण्याजवळ गेले, बोटाने ती उंची मोजल्यासारखी केली, मग माळ्याकडे पाहिलं. आयुष्यभर नळ्यांशी बोललेला माणूस, त्याला पाण्याची भाषा कळायला खडू लागला नाही. ते वळले आणि नेहमीसारखं ओरडून नव्हे, जवळजवळ पुटपुटत म्हणाले,

"म्हणजे मी इतकी वर्षं इंजिनाच्या पाठीवर हात ठेवलाच नाही. गळा धरला होता."

नळीताईने खडू उचलला. तिने पत्र्यावर लिहिलं, की तो शब्द पाठीचा नव्हताच, उलट्या दाबाचा होता, फोरमनने अर्धवट सांगितलं. मास्तरांनी वाचलं. मग त्यांनी विचारलं, पेपरवाल्याची गाडी मग पळाली कशी? यावर ती थांबली नाही. मोठ्या अक्षरांत, खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं: "नळी तुम्ही निवडली म्हणून. चकती असूनसुद्धा पळाली."

मास्तर वाकले. फरशीवरची चकती त्यांनी फडक्यात धरून उचलली, खिशात टाकली आणि घरी गेले. सोमवारी दुकानात आले नाहीत. पंचेचाळीस वर्षांत हे दोनदाच घडलं होतं, एकदा लग्नाला आणि एकदा मुलगी झाली तेव्हा.

मंगळवारी सकाळी सातला ब्रेकमामा ओल्या चादरींची गाठोडी घेऊन दारात हजर, आणि ती त्याने दुकानातच गाडीत भरून घेतली. मागे अडीचइंची आपल्या वाट्याच्या, तेवढ्याच भरलेल्या गाडीत गुरगुरत बसलेला. नळीताईची गाडी तयार होती, फक्त मागच्या पट्टीवर खूण नव्हती. ब्रेकमामा म्हणाला, ताई, निघू या. ती म्हणाली, थांबा. त्याने घड्याळ पाहिलं, परत म्हणाला. ती म्हणाली, मामा, खुणेशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, मग तुमच्या नऊच काय, नव्वद गाड्या गेल्या तरी चालतील. अडीचइंची खिडकीतून म्हणाला, म्हातारा झोपला असेल. नळीताईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने काच वर केली.

साडेसातला मास्तर आले. धुतलेले कपडे, खिशात खडू. आल्या आल्या वाकून त्यांनी नळीत बोट घातलं. बोट सरळ आत गेलं, कुठे अडलं नाही. ते जरा वेळ तसेच वाकून राहिले. मग उठले आणि म्हणाले, आधी चढू दे, मग खूण. आणि कुणाला न विचारता ब्रेकमामाच्या शेजारी जाऊन बसले. नळीताई मागे चादरींच्या गाठोड्यांवर बसली.

पायथ्यापासून गाडी सरळ निघाली. मास्तरांना इंजिन ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी चप्पल काढून तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवले होते. मधलं वळण आलं. ब्रेकमामाचा हात सवयीने गिअरच्या दांड्यावर गेला, दुसरा टाकायला. मास्तरांनी आपला हात त्या हातावर ठेवला आणि मान हलवली. त्यांच्या तळव्यांना काहीतरी कळलं होतं. गाडी वळणात शिरली, किंचित जड झाली, आणि मग तिसऱ्यातच, न धापता, न कुरकुरता, ओल्या चादरींचा डोंगर घेऊन वर निघाली. ब्रेकमामा ब्रेक दाबायलाही विसरला. मागे वळणावर अडीचइंचीची गाडी गरजली, अडखळली आणि खट्कन दुसऱ्यावर आली. नळीताई गाठोड्यांवर बसून एकटीच मोठ्याने हसली.

वर इस्पितळाच्या फाटकाशी गाडी उभी राहिली. ब्रेकमामाने उतरून एवढंच सांगितलं, की उद्यापासून एकेक गाडी पाठवतो. मास्तर अनवाणीच खाली उतरले. नळीच्या तोंडामागे, धुरात, त्यांनी तळहात धरला आणि डोळे मिटले. आयुष्यभर त्या हाताला एक सलग धक्का लागत आला होता. आज सुट्या सुट्या फुंकरा लागत होत्या, एकीमागून एक, मोजता येतील अशा. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग खिशातून खडू काढून चार बोटांत दाबत, चुरत ते उभे राहिले. गाडीच्या पट्टीवर त्यांनी नेहमीसारखी ऐटदार खूण केली.

नळीताई वाकून नळी आवळून धरणारा क्लॅम्प तपासत होती. मास्तर तिच्यामागे आले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ती सायकल शिकताना ठेवायचे तसा, पण आज ढकलला नाही. नुसता ठेवला, जरा फिरवला आणि काढून घेतला. म्हणाले, बाकीच्या नऊंना चकती नको. तिने मान हलवली, वर पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते आणि धुरावर ढकलायला धूर काही तेवढा नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर आईने तिचा कामाचा अंगरखा धुवायला घेतला. बादलीत टाकणार तोच थांबली आणि तो उजेडात धरून हसायला लागली.

"अगं, तुला कुणी पास केलं?"

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, खडूने भरलेल्या बोटाने काढलेली, बरोबरची मोठी पांढरी खूण होती.